वेलींसाठी घेतलेली मॅक्रो लेन्स: पावसाळ्यापासून थंडीपर्यंत, कोकणात वापरल्यानंतर

कॅननची ईएफ १०० एमएम एफ/२.८ एल मॅक्रो आयएस यूएसएम ही लेन्स मी जूनच्या तोंडावर घेतली, आणि आता माघ सरत आलाय. पावसाळा, गणपती, दिवाळी, थंडी असं सगळं गुहागर, दापोली, मालवण या पट्ट्यात तिच्यासोबत झालं. घेण्यामागे कारण एकच होतं, वेली. गडग्यावर (दगडी कुंपणावर) चढलेल्या, पोफळीला बिलगलेल्या, माटवावर (मांडवावर) पसरलेल्या, आणि मुरुडच्या वाळूवर लांबच लांब धावणारी मर्यादवेलसुद्धा. ही शेवटची कशावर चढत नाही, पण मला तिला सोडवत नाही.

मत आधीच सांगते. वेली, फुलं, कीटक हाच तुमचा विषय असेल तर लेन्स जरूर घ्या. पण या काही महिन्यांत माझे फोटो जे बदलले त्याचं निम्मंच श्रेय लेन्सचं आहे. उरलेलं बरोबरच्या फोटोग्राफर मंडळींचं. त्यांना वगळून हा अनुभव लिहिला तर तो अर्धवट राहील, म्हणून लेन्सबद्दल आणि त्यांच्याबद्दल एकत्रच लिहितेय.

लेन्सची माहिती थोडक्यात. २००९ सालचं मॉडेल आहे. वजन ६२५ ग्रॅम, फिल्टरचा व्यास ६७ मिमी. १:१ मॅक्रो, म्हणजे फुल फ्रेम कॅमेऱ्यावर (ज्याचा सेन्सर ३६ मिमी रुंद असतो) ३६ मिमी रुंदीची वस्तू अख्खी फ्रेम भरते. कमीत कमी अंतर ३० सेंमी, पण ते सेन्सरपासून मोजलेलं. फुलापासून लेन्सच्या तोंडापर्यंत वीतभरही जागा उरत नाही. वेलींच्या दृष्टीने सगळ्यात मोलाची गोष्ट ही की फोकस करताना लेन्सची लांबी बदलत नाही. नळी पुढे आली असती तर दर वेळी एखादा तणावा (वेल आधाराला धरते तो धागा) धक्का लागून हलला असता. हाताची थरथर सावरणारा स्टॅबिलायझर कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे नेहमीच्या अंतरावर ४ स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) आणि १:१ ला २ स्टॉपचा आधार देतो. पावसाळी अंधारात, पोफळीच्या बागेत, हातात कॅमेरा धरून अर्ध्या मॅग्निफिकेशनपर्यंत मला तो पुरला. त्यापुढे ट्रायपॉड.

मॅक्रोने एक बिंदू दिसतो. वेल मात्र लांबीत जगते: कुठून निघाली, कशाला धरलं, कुठे वळली. हे एका फ्रेममध्ये कसं आणायचं हे मला लेन्सच्या पुस्तिकेत सापडलं नाही, माणसांकडे सापडलं.

पहिले आमचे दापोलीचे सर. वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाले आणि आता दिवसभर कॅमेरा घेऊन हिंडतात. त्यांचे फोटो पहिल्या नजरेत साधे वाटतात. फूल मध्यभागी नसतं, रंगांची उधळण नसते. पण त्यांच्या प्रत्येक फोटोत वेल कुठल्या बाजूने वळलीय ते स्वच्छ दिसतं. त्यांनी मला कोनफळाची आणि करांद्याची वेल शेजारी शेजारी दाखवली. दोन्ही एकाच कुळातल्या, पानं बदामाच्या आकाराची, घाईत पाहिलं तर सहज गल्लत व्हावी. पण दोघींची वळायची दिशा एकमेकींच्या उलट: कोनफळ उजव्या वळणाचं, करांदा डाव्या. शिवाय कोनफळाच्या दांड्याला चार बाजूंनी पातळ पंख असतात, करांद्याचा दांडा गोल, आणि पावसाळा सरताना त्याच्या पानांच्या बगलेत करांदे, म्हणजे वेलीवरच धरणारे कंद, लटकतात. सर म्हणाले, "फोटो छान दिसावा म्हणून आडवा उलटवू नका हं. वेल ओळखणाऱ्याला तुम्ही भलतीच वेल दाखवाल." तेव्हापासून एडिटिंग करताना ते मिरर करायचं बटण मी वापरत नाही. दोन फ्रेम शेजारी लावायच्या असल्या तरी नाही.

दिशेचं हे वेड संसर्गजन्य आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जगभरातल्या ठिकठिकाणच्या वेली पाहिल्या होत्या. त्यांतल्या सुमारे ९२ टक्के वेली उजव्या वळणाच्या (नेहमीच्या स्क्रूच्या आट्यांसारख्या) निघाल्या, मग ठिकाण विषुववृत्ताच्या वर असो की खाली. म्हणजे करांदा अल्पसंख्याकांतला. हे कळल्यावर गडग्याजवळून जाताना नुसतं पुढे जाववत नाही, वाकून पाहावंच लागतं.

सरांनीच काकडीच्या तणाव्याकडे पाहायला लावलं. तणाव्याचं टोक काठीला पकडतं, मग मधला भाग गुंडाळायला लागतो. दोन्ही टोकं बांधलेली असल्यामुळे त्याला एकाच दिशेने पीळ घेता येत नाही. म्हणून अर्धा भाग एका बाजूने वळतो, अर्धा उलट बाजूने, आणि मध्ये छोटासा सरळ तुकडा राहतो जिथे दिशा बदलते. चार्ल्स डार्विनने १८६५ साली वेलींच्या हालचालींवर लिहिताना याचा खुलासा केलाय. मी आधी काकडीच्या तणाव्याचे जे क्लोजअप काढत होते त्यांत नुसतीच स्प्रिंग दिसायची. सरांच्या फोटोत काठी होती, वेलीचा दांडा होता आणि मधला तो सरळ तुकडाही होता. त्यासाठी १:१ ला जायचं नाही, थोडं मागे सरायचं. १:२ च्या आसपास, एफ/८ ला (हा लेन्सच्या छिद्राचा आकडा, मोठा आकडा म्हणजे लहान छिद्र) साधारण ३ मिमी खोली फोकसमध्ये मिळते (१:१ ला तीच जेमतेम १ मिमी). सेन्सर तणाव्याला अगदी समांतर धरला तर दोन्ही टोकांपर्यंत सगळे वेढे धारदार येतात. या एका चौकटीसाठी लेन्सचे पैसे वसूल झाले असं मला मनापासून वाटतं.

दुसरी आमची मालवणची ताई. ती फक्त परसातल्या वेलींचे फोटो काढते: पडवळ, दोडकी, कारली, तवसं. आणि तेही संध्याकाळी. तिचे फोटो पाहिले तेव्हा मला वाटलं स्टुडिओत काढलेत. काळंभोर पार्श्वभूमी, त्यावर पांढरं पडवळाचं फूल, पाकळ्यांच्या कडांना केसासारखे बारीक धागे. प्रत्यक्षात तो तिच्या घरामागचा माटव होता, आणि वेळ दिवेलागणीची. पडवळाचं फूल संध्याकाळी उमलतं, रात्रीच्या पतंगांसाठी. दोडक्याची पिवळी फुलंही दिवस कलल्यावर उघडतात. सकाळच्या कोवळ्या उन्हातच फोटो काढायची सवय असलेल्यांना हे कधी दिसतच नाही.

मी तिच्याकडे गेले तेव्हा ती म्हणाली, "उघडल्यार सगळेच काढतत. तू उघडताना काढ." मग आम्ही दोघी माटवाखाली बसून राहिलो. वर पडवळं लोंबत होती, सरळ वाढावीत म्हणून प्रत्येकाच्या टोकाला दोरीने दगड बांधलेला. कळी फुटायला लागली की आधी पाकळ्यांच्या फटीतून आत गुंडाळलेल्या धाग्यांच्या गुंडाळ्या दिसतात. मग त्या एकेक करून सुटतात, ओलसर, एकमेकींना चिकटलेल्या, आणि थोड्या वेळाने मोकळ्या होऊन चहूकडे पसरतात. ते सगळं चालू असताना फूल किंचित थरथरत असतं. वारा नव्हता, तरी थरथरत होतं. तिथे फ्लॅश लागतोच. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश थेट मारला तर धागे जळून पांढराफेक ठिपका होतो. ताई फ्लॅश बाजूला धरते आणि पुढे पातळ पांढरं कापड लावते. एफ/११, १/२००, आयएसओ ४०० किंवा ८००. मागचा अंधार आपोआप काळा येतो. ऑटोफोकस मी बंद करते. इतक्या जवळून आणि इतक्या कमी उजेडात कुठलाही ऑटोफोकस मागेपुढे होत राहतो. फोकस रिंग एका जागी ठेवून स्वतःच केसभर पुढे-मागे झुकायचं. रिंग मऊ आहे पण ढिली नाही, हे या लेन्सचं मोठं सुख.

तोच माटव, तीच वेळ, तसाच फोटो मीही काढला, पण काढायच्या आधी ताईला विचारलं. दुसऱ्याने शोधलेली जागा आणि वेळ वापरायची तर विचारावं, आणि फोटो दाखवताना ते सांगावं, असं माझं ठाम मत आहे. तिने लगेच हो म्हटलं, वर आणखी एक दिशा दिली: "आता रानातली कवंडळ बघ." कवंडळ म्हणजे पडवळाचीच रानातली भावकी, तिच्या फुलालाही तसेच झालरीचे धागे. गणपतीत माटवीला (गणपतीच्या वर बांधलेल्या चौकटीला) टांगायला तिची लालभडक फळं आणि कांगुणीचे घोस आणतात, ते आपल्याला माहीत असतं. फूल मात्र क्वचितच कुणी पाहिलेलं असतं, कारण तेही रात्रीचं. माझ्या या वर्षीच्या फोटोंत मला सगळ्यात आवडलेला फोटो कवंडळीच्या फुलाचा आहे, आणि त्याचा रस्ता सरळ मालवणच्या परसातून निघालाय.

देवरुखचा एक दादा लग्नाचे फोटो काढतो. त्याच्याकडून घेतलं ते मागून येणाऱ्या उजेडाचं शहाणपण. कळलावीच्या पाकळ्या उलट्या वर वळलेल्या, खाली हिरवट-पिवळ्या, टोकाकडे लाल. समोरून काढलं तर रंग भडक आणि सपाट येतात. ढग फुटून ऊन मागून आलं की पाकळ्यांच्या लाटेरी कडा पेटतात. याच वेलीच्या पानाचं टोकच तणावा होतं आणि शेजारच्या फांदीला गुंडाळतं. फुलाच्या नादात पानाचं टोक फ्रेमबाहेर जाऊ द्यायचं नाही, हे मात्र सरांचं.

ज्यांना भेटणं शक्यच नाही अशांत कार्ल ब्लॉसफेल्ट (१८६५–१९३२). बर्लिनमध्ये कलाशिक्षक होते. विद्यार्थ्यांना निसर्गातले आकार दाखवता यावेत म्हणून स्वतः तयार केलेल्या कॅमेऱ्याने त्यांनी वनस्पतींचे मोठे करून फोटो काढले. साधी पार्श्वभूमी, काळा-पांढरा रंग. त्यांनी काढलेले भोपळ्याचे तणावे लोखंडी जाळीच्या नक्षीसारखे दिसतात. त्यांच्यामुळे मी काही दिवस फक्त कृष्णधवल काढलं, आणि घोटवेलीचे काटे आणि कांडवेलीचे चौकोनी दांडे तेव्हाच नीट दिसले. आपल्या जांभ्याच्या गडग्याची पार्श्वभूमी फार बोलकी असते. तिथे मी मागे काळी छत्री उघडून धरते, झालं काम.

आता हवामान. पावसाळ्यात समुद्रावरचा वारा दिवसभर थांबत नाही. थंडीत पहाटेपासून साधारण नऊपर्यंत बरी शांतता असते, मग खारा वारा सुरू होतो. वेलीचं कोवळं टोक तर वारा नसतानाही आधार शोधत हळूहळू गोल फिरत असतं, त्यामुळे फोकस स्टॅकिंग (वेगवेगळ्या फोकसचे फोटो जोडून एक करणं) करायचं तर जून झालेला, पकड घेतलेला भाग निवडावा. ओल्या पानांची चकाकी काढायला ६७ मिमीचा पोलरायझर फार उपयोगी, पण तो १ ते २ स्टॉप उजेड खातो. माउंटशी, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला बसते तिथे, रबरी सील आहे. समोर फिल्टर लावून रिमझिम पावसात मी निर्धास्त वापरली. ओतणाऱ्या पावसात नाही.

आपल्याकडचा खरा शत्रू बुरशी. घरी आल्यावर लेन्स लगेच बॅगेत कोंडू नका. आधी पंख्याखाली कोरडी करा, मग सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवा. आकडा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहिला पाहिजे. जेलच्या दाण्यांनी रंग बदलला की तापवून परत घालायचे. एसी गाडीतून उतरल्या उतरल्या फोटो काढायला जाऊ नका, काचेवर वाफ धरते.

वेलींत शिरणाऱ्यांसाठी थोडं. दिवाळीच्या सुमारास खाजकुयलीच्या शेंगांच्या वाऱ्याखाली उभं राहू नका. कळलावी आणि गुंज दोन्ही विषारी, लहान मुलं बरोबर असतील तर लक्ष ठेवा. पावसाळ्यात हिरव्या वेलीत हिरवा चापडा (विषारी साप) बसलेला असू शकतो. वीतभर अंतरावर लेन्स नेण्याआधी काठीने नाही, डोळ्यांनी नीट बघा, आणि दिसला तर त्याला त्याच्या जागी राहू द्या. आड येणारी पानं तोडू नका, दोरीने बाजूला ओढून बांधा आणि निघताना सोडा. देवरहाटीत (देवाच्या राखीव रानात) तर पान तोडायचा प्रश्नच येत नाही. तिथली गारंबीची मोठी वेल या लेन्सने काढायची असेल तर शेंग सोडा, ती हातभर लांब असते. सालीवरचे पीळ काढा.

जूनमध्ये मिरवेलीला नवे तुरे येतील. पोफळीला चिकटून, डोक्याच्या वर. त्यासाठी सर छोटी शिडी वापरतात, आणि तीच घेऊन मी त्यांच्याबरोबर जाणार आहे.

ही लेन्स वापरलेली मिळते आणि स्वस्त पडते. किनारपट्टीवरच्या कुणाकडून घेत असाल तर मागच्या बाजूने टॉर्च मारून, छिद्र पूर्ण उघडं ठेवून आतल्या काचा बघा. जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले तर बुरशी आहे, किंमत कितीही पाडून दिली तरी घेऊ नका. स्टॅबिलायझर सुरू करून कानाशी धरा. हलकी गुणगुण चालते, खडखड नको. फोकस लिमिटरचे (फोकसची कक्षा ठरवणाऱ्या बटणाचे) तिन्ही टप्पे फिरवून पाहा, आणि ३० सेंमीवर एखादं छापील पान ठेवून चारही कोपरे तपासा.