चटईची वीण शिकवणारा क्रोशाचा ऑनलाइन वर्ग
साखळी, मुका खांब आणि खांब हे क्रोशाचे मूळ टाके हाताला बसलेल्यांसाठी असलेला हा वर्ग चटईसारख्या दिसणाऱ्या एकाच उठावदार विणीपुरता मर्यादित आहे, आणि तेच त्याचे बळ आहे. खांब नेहमीप्रमाणे टाक्याच्या माथ्यात न घालता खालच्या ओळीतील खांबाभोवती सुई फिरवून घालायचा, 4 खांब पुढून व 4 मागून असा क्रम ठेवायचा आणि काही ओळींनंतर तो बदलायचा, एवढेच तंत्र. मात्र काम उलटल्यावर पुढचा उठाव मागे जातो, म्हणून तोच खांब आता मागून उचलावा लागतो, हे शिक्षिकेने सुई जवळून दाखवत जितक्या सावकाश समजावले आहे, तितके मी इतरत्र पाहिलेले नाही. टाके 8 च्या पटीत, अधिक कडेचे 2, ही सूचनाही वेळेवर येते.

लोकरीबाबतचे मार्गदर्शन मात्र तोकडे आहे. ही वीण साध्या खांबांपेक्षा बरीच जास्त लोकर खाते, हे शेवटी ओझरते सांगितले आहे. गडद रंगात उठाव नीट दिसत नाही, याचा तर उल्लेखच नाही. शुल्क वाजवी आहे. उशीचा अभ्रा किंवा जाड पांघरूण विणायचे असल्यास वर्ग जरूर घ्यावा; तलम शालीसाठी ही वीण मुळातच नव्हे.