जीआरईचे शब्द: लुईसचं पुस्तक की अँकी?

जीआरई ही परदेशात पदव्युत्तर शिक्षणाच्या प्रवेशासाठी द्यायची परीक्षा, तिच्यासाठी इंग्रजी शब्द पाठ असावे लागतात. नॉर्मन लुईसचं १९४९ सालचं 'वर्ड पॉवर मेड ईझी' पुण्यात अप्पा बळवंत चौकात आजही सहज मिळतं. त्याची रीत शब्दांच्या मुळांची. लॅटिन 'बेने' म्हणजे चांगलं, 'माले' म्हणजे वाईट, एवढं कळलं की बेनेव्होलंट, मॅलेव्होलंट, बेनिफॅक्टर अशी अख्खी भावकी ओळखीची होते. अनोळखी शब्दाचा अंदाज बांधायला याला तोड नाही. मात्र नुसत्या दिसण्यावर जाऊ नका: 'नॉइसम'चा नॉइजशी काडीचा संबंध नाही, अर्थ घाणेरड्या वासाचा, किळसवाणा.

अँकी या शब्दकार्डांच्या ॲपचं उलट. समजावणं शून्य, निव्वळ घोकंपट्टी. पण विसरायच्या बेतात आलेला शब्द नेमका पुढ्यात आणून ठेवतं. अँड्रॉइडवर फुकट, आयफोनवर पैसे मोजा. चार दिवस दांडी मारलीत की कार्डांचा ढीग.

२०११ मध्ये जीआरईतून विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न गेले. आता वाक्यातल्या गाळलेल्या जागा भरायच्या असतात. त्यामुळे शब्द-अर्थाची आयती कार्डं फारशी कामाची नाहीत, वाचनात भेटलेलं पूर्ण वाक्यच कार्डावर घाला. परीक्षा दोन महिन्यांवर असेल तर मी अँकीच सांगेन. सवड असेल तर आधी लुईस, तोही त्यातले स्वाध्याय पेन्सिलीने सोडवत.