ठाण्यातला नेव्ही अग्निवीर क्लास: पेपर पास, मैदान नापास

नौपाड्यातल्या एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर हा क्लास भरतो. चार महिन्यांची एसएसआर (सीनियर सेकंडरी रिक्रूट, म्हणजे बारावी पास मुलांची नौदल भरती) बॅच, फी १६,५०० रुपये दोन हप्त्यांत, टी-शर्ट-ट्रॅकपँट सक्तीची आणि तिचे पैसे वेगळे. नाव मुद्दाम देत नाही. स्टेशनच्या पश्चिमेला असे आणखी तीन-चार निघालेत आणि सगळ्यांचा साचा एकच, त्यामुळे खालचं सगळं त्यांतल्या कुठल्याही क्लासला लावून बघा.

पहिल्या दिवशी तासभर जहाजांचं भाषण होतं. खोटं काही सांगत नाहीत. १५ जानेवारी २०२५ ला मुंबईत सूरत आणि निलगिरी या युद्धनौका आणि वाघशीर पाणबुडी एकाच दिवशी नौदलात दाखल झाल्या. एकट्या विक्रांत या विमानवाहू जहाजावर सुमारे १,६०० माणसं लागतात. ताफा वाढतोय म्हणजे भरतीही होत राहणार. पण ही माणसं कशाला हवीत, ते सांगायचं राहून जातं. जहाजावर इंजिन, वीज आणि रडार सांभाळावं लागतं. ओडिशातल्या आयएनएस चिल्कावरच्या मूलभूत प्रशिक्षणानंतर इंजिनाचं काम शिकायला लोणावळ्याला आयएनएस शिवाजी आणि विजेचं शिकायला जामनगरला आयएनएस वालसुरा आहे. एसएसआरला बारावीत गणित आणि फिजिक्स मागतात ते यासाठी. अग्निवीरांच्या चार वर्षांच्या नोकरीनंतर जास्तीत जास्त २५ टक्केच कायम होतात, हे तर भाषणात इतक्या घाईत येतं की मागच्या बाकावर पोचतच नाही.

पेपरची तयारी मात्र खरोखर चांगली आहे. १०० प्रश्न, ६० मिनिटं, म्हणजे प्रश्नाला ३६ सेकंद. गणिताचे सर घड्याळ लावूनच शिकवतात. ३६ सेकंदांत सुटणारी गणितं एका रंगात, न सुटणारी दुसऱ्या रंगात फळ्यावर लिहितात आणि दुसरी शेवटी ठेवायला लावतात. प्रत्येक भागात वेगळं पास व्हावं लागतं, म्हणून गणितात हुशार असलेल्या मुलांना इंग्रजीच्या तासाला जबरदस्तीने बसवतात. हे योग्यच.

नोट्स मात्र हिंदीतल्या, उत्तरेकडच्या कुठल्या तरी पुस्तिकेची झेरॉक्स. आपल्या मुलांची दहावी मराठीत आणि बारावी सायन्स इंग्रजीत झालेली असते. त्यांनी वारंवारता वाचलेली असते किंवा फ्रीक्वेन्सी. इथे समोर येते 'आवृत्ति'. तरंगलांबीचं 'तरंगदैर्ध्य' होतं आणि संभाव्यतेची 'प्रायिकता'. येत असलेला प्रश्न शब्दावर अडकतो आणि ३६ सेकंद तिथेच संपतात. पेपर इंग्रजी-हिंदीत असतो, मराठीत नसतो. सायन्सवाल्यांनी सरळ इंग्रजी वाचावं आणि या नोट्स रद्दीत द्याव्यात.

'माहीत नसेल तर हात लावू नका' हा क्लासचा मंत्रही अर्धवट आहे. चुकीला पाव गुण कापतात. चार पर्यायांत डोळे मिटून १६ प्रश्न सोडवले, तर सरासरीने ४ बरोबर, १२ चूक, म्हणजे ४ वजा ३, हाती १. एवढ्यासाठी वेळ घालवू नये हे ठीक. पण दोन पर्याय नक्की चूक आहेत हे कळत असेल तर त्याच १६ प्रश्नांत ८ बरोबर, ८ चूक, हाती ६. असे प्रश्न कोरे सोडणं म्हणजे गुण फेकणं.

आता मैदान, आणि खरी रड इथेच आहे. मुलांना १.६ किमी ६ मिनिटं ३० सेकंदांत, मुलींना ८ मिनिटांत. क्लास पहाटे सर्व्हिस रोडवर पळवतो आणि अंतर मोजतो मोबाइलवर. उंच इमारतींच्या मध्ये मोबाइलची रेघ नागमोडी पडते, अंतर फुगतं, आणि पोरगा १.६ किमीच्या आधीच थांबतो. साडेसहा मिनिटांच्या वेगाला १०० मीटरला साधारण २४ सेकंद लागतात. नुसते ५० मीटर कमी पळालात तरी १२ सेकंद फुकटात मिळाले. क्लासच्या वहीत ६:२५ लिहिलेला मुलगा प्रत्यक्षात ६:३७ ला पोचणारा, म्हणजे बाद. ५० मीटरची टेप हार्डवेअरच्या दुकानात मिळते. मोकळ्या मैदानात २०० मीटरचा फेरा चुन्याने आखला की हा घोळ संपतो.

दुसरी चूक वेगाची. ४०० मीटरच्या चार फेऱ्यांत फेरीला साडेसत्त्याण्णव सेकंद पुरतात. शिट्टी वाजली की पोरं पहिली फेरी ८० सेकंदांत मारतात, तिसरीला १०८ वर येतात, चौथीत पाय उचलत नाही. कोणी ओरडून थांबवत नाही, उलट पुढे असणाऱ्याला शाबासकी. सरावात फेरी ९२ च्या आसपास ठेवली, तर सगळी दौड ६:१० च्या आत बसते आणि चाचणीच्या दिवशीच्या उकाड्यासाठी वीस सेकंद शिल्लक राहतात. आठवड्याचे सहाही दिवस डांबरावर जीव तोडून १.६ पळवल्याने तिसऱ्या आठवड्यात निम्मी बॅच नडगी धरून बसते. त्यापेक्षा दोन दिवस ९० सेकंदांत ४०० मीटर, मध्ये दीड मिनिट चालणं, असं सहा वेळा. एक दिवस मातीवर सावकाश ५ किमी. आणि एक दिवस पूर्ण सुट्टी. सकाळचा उपवन तलाव सावकाश पळायला बरा, वेळ लावून पळायला नाही. फिरायला आलेल्या आजोबांना चुकवण्यातच सेकंद जातात.

दौडीशिवाय मुलांना २० उठाबशा, १५ पुशअप्स आणि गुडघे वाकवून १५ सिटअप्स असतात. आकडे सोपे आहेत, पण क्लास त्यांचा सराव वेगळ्या दिवशी घेतो. दौड झाल्या झाल्या घेतला पाहिजे, तेव्हाच पाय लटपटतात. तालमीत वाढलेल्या मुलांनी एक जपावं: आपला जोर कंबर मागे ओढून लाट काढल्यासारखा जातो, पुशअपला शरीर फळीसारखं सरळ लागतं.

वैद्यकीय तपासणीची 'पूर्वतयारी' १,२०० रुपये जादा घेऊन होते. ती घेऊ नका. रंगांधळेपणा मोबाइलच्या पडद्यावर ठिपक्यांची चित्रं दाखवून तपासतात. पडद्याचे रंग बदलतात, त्याला काही अर्थ नाही, नेत्रतज्ज्ञाकडे छापील पुस्तकावर बघून घ्या. सपाट तळवा घरी कळतो: ओला पाय लादीवर ठेवा, ठशात आतल्या बाजूची कमान दिसली नाही तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. कानातला मळ आणि दातांवरचा थर आठवडाभर आधी काढून टाका. गोंदण फक्त हाताच्या आतल्या बाजूला कोपरापासून मनगटापर्यंत आणि पंजाच्या पाठीवर चालतं. दंडावरची वाघनखं चालत नाहीत.

पोहण्याचं पॅकेज हा आणखी एक फुकटचा खर्च. पोहता येणं भरतीच्या जाहिरातीत 'इष्ट' आहे, निवडीच्या शारीरिक चाचणीत नाही.

कागदपत्रांकडे क्लास बघतही नाही. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. काहींचं वडिलांचं नाव एकीकडे पूर्ण, दुसरीकडे नुसतं आद्याक्षर. अर्ज दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे भरावा आणि आधार त्याला जुळवून घ्यावं, तेही जाहिरात यायच्या आधी, कारण नंतर सगळे एकदम केंद्रावर रांगा लावतात.

फक्त पेपरची बॅच ९,००० रुपयांत आहे. फलकावर ती लिहिलेली नाही, काउंटरवर आधी 'बंद झाली' असं सांगतील. दुसऱ्यांदा विचारा.