भंगारातला स्कझी बॅकप्लेन घ्यावा की अडॅप्टर?

८० पिनांच्या जुन्या स्कझी (SCSI, सर्व्हरमध्ये हार्ड डिस्क जोडायची जुनी पद्धत) डिस्क चालवायच्या तर रस्ते दोन: सर्व्हरमधून निघालेला अख्खा बॅकप्लेन (डिस्क थेट खोचायच्या स्लॉटचा बोर्ड) जोडायचा, नाहीतर प्रत्येक डिस्कला ८० चे ६८ करणारा छोटा अडॅप्टर लावायचा. एक-दोन डिस्कवरचा डेटाच उतरवायचा असेल तर सरळ अडॅप्टर घ्या. चार-सहा डिस्क कायम ठेवायच्या असतील तर बॅकप्लेन, पण त्याच सर्व्हरची पॉवर वायर सोबत मिळत असेल तरच.

कारण खरी अडचण पॉवरची आहे. अडॅप्टरला साधा चार पिनांचा मॉलेक्स पॉवर कनेक्टर असतो: पिवळी १२ व्होल्ट, लाल ५, मधल्या दोन काळ्या ग्राउंड. बॅकप्लेनवर पुष्कळदा कंपनीचा स्वतःचा कनेक्टर असतो आणि तिथे वायरच्या रंगावर भरवसा ठेवता येत नाही. १२ आणि ५ ची अदलाबदल झाली की डिस्कचं बोर्ड गेलंच. म्हणून बॅकप्लेन घ्यायचा असला तरी एक अडॅप्टर जवळ ठेवाच. मल्टीमीटर बीपवर (दोन टोकं आतून जोडलेली असली की वाजतो त्या मोडवर) लावून अडॅप्टरच्या मॉलेक्सपासून ८० पैकी कुठल्या पिनांना १२ जातात, कुठल्यांना ५, ते कागदावर उतरवा. मग बॅकप्लेनच्या स्लॉटमधल्या त्याच जागच्या पिना पॉवर कनेक्टरवर कुठे बीप देतात ते पाहा. बीप आलाच नाही तर मध्ये स्विचिंग सर्किट असू शकतं. तिथे अंदाजाने सप्लाय देऊ नका.

आयडीच्या, म्हणजे डिस्कच्या नंबरच्या, बाबतीत बॅकप्लेन सुखाचा. स्लॉटच नंबर देतो. अडॅप्टरवर जंपर (दोन पिना जोडणाऱ्या छोट्या टोप्या) आपणच लावायचे, प्रत्येकाचा नंबर वेगळा, आणि ७ सहसा संगणकातल्या स्कझी कार्डाचा असतो म्हणून तो सोडायचा.

टर्मिनेशनला (सिग्नल टोकावरून उलटू नये म्हणून लावतात त्याला) मात्र दोन्हीकडे जपावं लागतं. एलव्हीडी (कमी व्होल्टच्या तारांच्या जोडीवर सिग्नल पाठवणाऱ्या) डिस्कमध्ये स्वतःचं टर्मिनेशन नसतं; बसच्या, म्हणजे सगळ्या डिस्क जोडणाऱ्या लाइनच्या, दोन्ही टोकांना ते हवं, मध्ये कुठेच नको. अडॅप्टरच्या वेळी केबलच्या शेवटी टर्मिनेटर लावला की झालं, दुसऱ्या टोकाचं सहसा कार्डातच असतं. बॅकप्लेनवर ते बोर्डातच असू शकतं. २०१९ च्या महापुरानंतर सांगलीत भंगारातून उचललेल्या एका बॅकप्लेनवर मी तीन संध्याकाळी घालवल्या. डिस्क दिसायच्या, कॉपी सुरू केली की गायब. गाळ म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने सगळे स्लॉट धुतले, एका स्लॉटची हिरवी पडलेली पिन साफ केली. तरी तेच. शेवटी बोर्डावर टर्मिनेटरची आयसी दिसली, आणि मी केबलच्या टोकालाही टर्मिनेटर लावलेला होता. तो काढला आणि रात्रभर कॉपी चालली.

८० चे ५० करणारा अडॅप्टर स्वस्तात मिळाला तरी शक्यतो घेऊ नका. अशी ५० पिनांची जुनी जोडणी सिंगल-एंडेड मोडवर (प्रत्येक सिग्नलला एकच तार, वेग कमी) उतरते आणि वरच्या बाइटच्या, म्हणजे ५० पिनांत न मावणाऱ्या डेटाच्या, लाइनचं टर्मिनेशन राहून जातं.

एसएमपीएसचाही (संगणकाच्या पॉवर सप्लायचा) हिशेब करा. १०,००० आरपीएमची डिस्क सुरू होताना १२ व्होल्टवर साधारण २ अँपिअर ओढते. सहा एकदम फिरल्या तर १२ अँपिअर. बऱ्याच बॅकप्लेनमध्ये त्या एकामागून एक सुरू होतात. अडॅप्टरवर डिले-स्टार्टचा (डिस्क थोडी उशिरा फिरवणारा) जंपर आहे का, हे घेण्याआधीच पाहून घ्या.