फुजी एक्स-१०० सिक्स की रिको जीआर थ्री? मराठवाड्यात फोटो काढणाऱ्यांसाठी

मोबाइलच्या फोटोंनी समाधान होत नाही, लेन्सा बदलत बसायची हौस नाही, पण फोटो मात्र मनापासून काढायचे आहेत. अशा माणसाने दोन लाखांच्या आत एकाच पक्क्या लेन्सचा कॅमेरा शोधायला घेतला की फिरून फिरून दोन नावं समोर येतात: फुजीफिल्मचा एक्स-१०० सिक्स आणि रिकोचा जीआर थ्री. फुजी फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झाला, रिको २०१९ मध्ये बाजारात आला. वयात पाच वर्षांचं अंतर आहे, तरी तुलना रास्त आहे, कारण दोघांच्याही पोटात एपीएस-सी या एकाच आकाराचा सेन्सर (उजेड टिपणारा भाग) आहे. नेहमीच्या आकाराच्या छपाईत कोणता फोटो कशाने काढला हे बहुतेकांना ओळखू येणार नाही.

म्हणून मेगापिक्सेलपासून सुरुवात करत नाही. फुजीचे ४०, रिकोचे २४, एवढं लक्षात ठेवा आणि पुढे चला. आपल्याकडे खरा निकाल लागतो तो उन्हात.

एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या घरात असताना दुपारी बारा वाजता पैठणच्या घाटावर किंवा जालन्याच्या बाजारात उभं राहा आणि रिको डोळ्यांसमोर धरा. पाठीमागच्या स्क्रीनवर आपलाच चेहरा आणि आभाळ दिसतं. ब्राइटनेस वाढवता येतो, त्याने थोडं भागतं. पण माणसाच्या डोळ्यांवर फोकस बसला की मागच्या भिंतीवर, हे खात्रीने सांगता येत नाही. रिकोला व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) नाही आणि स्क्रीन वरखाली वळत नाही. हॉट शूवर, म्हणजे माथ्यावरच्या खाचेत, बसवायचा वेगळा ऑप्टिकल व्ह्यूफाइंडर मिळतो, पण त्यात फोकस दिसत नाही, आणि तो लावला की खिशात मावण्याची सोय संपली. फुजीचा व्ह्यूफाइंडर दुहेरी आहे. पुढची छोटी कळ ओढली की काचेतून थेट दिसणारं दृश्य जातं आणि इलेक्ट्रॉनिक येतं. काचेच्या बाजूने बघताना चौकटीबाहेरचंही दिसतं, त्यामुळे बैलजोडी फ्रेममध्ये शिरायच्या आधीच तुम्हाला कळलेलं असतं. ज्याचे निम्मे फोटो उन्हातले आहेत, त्याने या एका मुद्द्यालाच बाकी सगळ्यांपेक्षा जास्त वजन द्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

उन्हाचाच दुसरा त्रास म्हणजे सावलीतले चेहरे. डोईवर फेटा किंवा टोपी, बाईच्या कपाळापर्यंत पदर. डोकं उजेडात आणि चेहरा काळा. फुजीत छोटा फ्लॅश अंगचाच आहे, शटर लेन्समध्ये आहे आणि उजेड कमी करणारा चार स्टॉपचा एनडी फिल्टरही आत आहे (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). लेन्समधल्या शटरमुळे १/१००० सेकंदालाही फ्लॅश जुळतो. म्हणजे मागचं आभाळ निळं ठेवून पुढच्या चेहऱ्यावर हलका उजेड टाकता येतो. मोंढ्यात सोयाबीनच्या ढिगाशेजारी उभ्या असलेल्या हमालाचा भरदुपारचा फोटो मी याच पद्धतीने काढतो. रिकोचं शटरही लेन्समध्येच आहे आणि त्याला दोन स्टॉपचा एनडी फिल्टर आहे, पण फ्लॅश नाही. तो वेगळा घ्यावा, लावावा आणि सांभाळावा लागतो.

आता रिकोची बाजू. ती लहान मुळीच नाही.

बॅटरी आणि कार्डासकट रिकोचं वजन २५७ ग्रॅम आहे, फुजीचं ५२१. वजनापेक्षाही जाडीचा फरक मोठा आहे: रिको साधारण ३३ मिलिमीटर, फुजी ५५. रिको सदऱ्याच्या बाजूच्या खिशात जातो. फुजीला गळ्यातला पट्टा किंवा पिशवी लागते. गावात गळ्यात कॅमेरा घालून शिरलं की दोन मिनिटांत पोरं गोळा होतात, म्हातारी माणसं पदर आणि टोपी सावरून ताठ बसतात, कुणीतरी विचारतं, ‘कोणत्या पेपरातून आलात?’ रिको हातात असला तर कुणी मान वर करत नाही. चालू करायला सुमारे ०.८ सेकंद लागतात आणि सगळं एका हाताने होतं. एसटीच्या गर्दीत दुसऱ्या हाताने दांडा धरलेला असतो, तेव्हा याचं मोल कळतं.

त्यातलं स्नॅप फोकस तर शिकूनच घ्यावं. अंतर २ मीटर ठरवा, अ‍ॅपर्चर एफ/८ ठेवा (लेन्सचं छिद्र; आकडा मोठा तितकं छिद्र लहान). साधारण १ मीटरपासून ते थेट लांबपर्यंत सगळं स्पष्ट येतं. बटण एका दमात पूर्ण दाबलं की कॅमेरा फोकस शोधत बसत नाही, फोटो निघतो. स्क्रीन दिसत नाही ही उन्हातली अडचणही यामुळे बरीच हलकी होते, कारण भर उन्हात एफ/८ सहज परवडतं. सायंकाळी मात्र ही युक्ती आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) वाढवल्याशिवाय चालत नाही.

लेन्सच्या कोनाचा फरक कागदावर किरकोळ वाटतो: फुल-फ्रेमच्या (जुन्या फिल्मएवढ्या सेन्सरच्या) हिशेबाने रिको २८ मिलिमीटर, फुजी ३५; आकडा लहान तितकं दृश्य रुंद. वेळा अमावस्येला लातूर-धाराशिवकडच्या शेतात कडब्याच्या कोपीत बसून बघा. पूजा मांडलेली, पाठीशी कडबा, आंबिलाचं गाडगं, भज्जीचं पातेलं, आजी, सुना, पोरं. मागे सरकायला जागा नाही. २ मीटर अंतरावरून रिकोच्या चौकटीत आडवं सुमारे २.६ मीटर मावतं, फुजीच्या २.१. त्या अर्ध्या मीटरात कोपरातली आजी फोटोत राहते किंवा कापली जाते. याउलट एकट्या माणसाचा फोटो काढताना २८ ला फार जवळ जावं लागतं आणि नाक मोठं दिसतं. रिकोत ३५ चा क्रॉप (कडा कापून मधलाच भाग वापरणं) आहे, पण मग हातात साधारण १५ मेगापिक्सेल उरतात. फुजी ५० च्या क्रॉपलाही २० देतो. इथे चाळीस मेगापिक्सेल खरोखर कामाला येतात. ज्यांना २८ रुंद वाटतो त्यांच्यासाठी रिकोचाच जीआर थ्री-एक्स आहे, ४० मिलिमीटरचा. पण मग कोपीतली आजी विसरा.

लेण्यांचं वेगळं बघू. वेरूळला कैलासाच्या आवारात, हत्ती आणि ध्वजस्तंभ एकत्र घ्यायचे तर २८ सुखाचा. दक्षिणेकडच्या अंगाला रावण कैलास हलवतोय ते शिल्प खोल सावलीत आहे. तिथेही रिको पुरतो, दगड हलत नाही, थोडा हात स्थिर ठेवला की झालं. अजिंठ्याला मात्र पारडं फिरतं. आत फ्लॅश चालत नाही, उजेड मुद्दाम मंद ठेवलेला असतो आणि पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीजवळ फार जाता येत नाही. फुजीची लेन्स एफ/२, रिकोची एफ/२.८, म्हणजे फुजीला दुप्पट उजेड. शटर १/८ सेकंदावर ठेवून फुजीला आयएसओ १६०० पुरत असेल, तर रिकोला तिथे ३२०० लागेल. वर फुजीचा हात-कंप आवरणारा भाग पाच अक्षांचा, कंपनीच्या आकड्यांनुसार सहा स्टॉपपर्यंत. रिकोचा तीन अक्षांचा, चार स्टॉपपर्यंत. भित्तिचित्रांसाठीच कॅमेरा घेत असाल तर विचार करायचं कारण नाही, फुजी घ्या. (अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी; गाडी ठरवताना ध्यानात ठेवा.)

जवळून काढायच्या फोटोंत रिको पुढे आहे. मॅक्रो लावला की ६ सेंटीमीटरपर्यंत फोकस बसतो. पैठणला मागावर पदरातला मोर विणताना जरीचा एकेक धागा रेशमात कसा अडकवला आहे, ते दिसतं. फुजी १० सेंटीमीटरवर थांबतो.

आणि धूळ. हा मुद्दा दुकानात कुणी काढत नाही. रिकोची लेन्स चालू करताना बाहेर येते, बंद करताना आत जाते, आणि त्या ये-जा करण्यात बारीक धूळ आत शिरते, ही त्याच्या मालकांची जुनी तक्रार आहे. सेन्सर झटकायची सोय कॅमेऱ्यात आहे, पण चिकटलेला कण तिने निघत नाही. लेन्स काढता येत नसल्याने घरी साफ करणंही शक्य नाही, सर्व्हिसला उघडावाच लागतो. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या यात्रेत घोडे, उंट, गाढवांच्या बाजारात उडणारा फुफाटा आणि वरून उधळलेला भंडारा अशा ठिकाणी मी रिको बाहेर काढतच नाही. हळदीचा तो कण किती बारीक असतो, हे रात्री नखं धुताना कळतं. फुजीची लेन्स आत-बाहेर करत नाही. मात्र तोही नुसता धूळरोधक नाही. पुढे अ‍ॅडॉप्टर रिंग आणि ४९ मिलिमीटरचा संरक्षक फिल्टर लावल्यावरच कंपनी तसं म्हणते. हा खर्च किमतीत धरूनच हिशेब करा.

बॅटरीचं थोडक्यात: रिको एका चार्जवर सुमारे २०० फोटो, फुजी ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरवर सुमारे ४५०. रिकोबरोबर दोन जादा बॅटऱ्या घ्याच. दोन्ही यूएसबी-सीवर चार्ज होतात, पॉवर बँक चालते. व्हिडिओसाठी रिकोचा विचारच नको, तो फुल एचडीवर (१०८०) थांबतो; फुजी ६.२के पर्यंत जातो. कॅमेऱ्यातल्या तयार रंगछटांत फुजीचा क्लासिक क्रोम आपल्या काळ्या मातीला आणि कडब्याला फार शोभतो. रिकोचा पॉझिटिव्ह फिल्म भडक आहे, पण त्याच्या कृष्णधवलाला तोड नाही.

पैशाचं बोलू. बाजारात आले तेव्हा अमेरिकेत रिको ८९९ डॉलरला होता, फुजी १,५९९ ला. म्हणजे जवळपास पावणेदोन पट. इथल्या किमती कर आणि तुटवड्यानुसार हलतात. फुजीची मागणी इतकी होती की जाहीर झाल्यानंतर बराच काळ तो हाती लागत नव्हता. जास्तीचे पैसे देऊन घेऊ नका. दोन्हींच्या बाबतीत दुकानदाराला आधी विचारा, वॉरंटी कंपनीची की आयात करणाऱ्याची, आणि उत्तर बिलावर लिहून घ्या. २०२५ मध्ये रिकोने जीआर फोर आणला आहे. त्यात कंप आवरणं पाच अक्षांचं झालं, पण व्ह्यूफाइंडर अजूनही नाही. उन्हाची अडचण जिथल्या तिथे.

तर कोणाला काय? जत्रा, लेणी, लग्नं, शेतातली माणसं असं ठरवून फोटो काढायला निघत असाल आणि हा तुमचा एकमेव कॅमेरा असेल, तर फुजी घ्या, पैसे जास्त गेले तरी चालतील. शाळेत, कचेरीत, एसटीने रोज ये-जा करत असाल आणि वाटेत दिसेल ते टिपायचं असेल, तर रिको. पाचशे ग्रॅमचा कॅमेरा चार दिवसांनी घरीच राहायला लागतो, हे मी अनेक मित्रांच्या बाबतीत पाहिलं आहे. ज्यांच्याकडे आधीच लेन्स बदलायचा मोठा कॅमेरा आहे त्यांनी फुजीकडे बघूही नये.

नवा परवडत नसेल तर वापरलेला जीआर थ्री बऱ्यापैकी कमी किमतीत मिळतो, आणि त्यात गैर काही नाही. फक्त पैसे देण्याआधी अ‍ॅपर्चर एफ/१६ ला न्या, ढग नसलेल्या आभाळाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा आणि तो तिथेच मोठा करून चारही कोपऱ्यांपर्यंत सरकवत बघा. करडे गोल ठिपके दिसले तर धूळ आत गेलेली आहे. मग साफसफाईचा खर्च किमतीतून वजा करून मागा, नाहीतर दुसरा नग बघा.