सीबी पॉइंट ठेवायचे की किट बसवायचं?

जुन्या पेट्रोल ट्रक-पिकअपमध्ये ठिणगी पाडायची दोन साधनं: सीबी पॉइंट, म्हणजे करंट जोडणारी-तोडणारी धातूची दोन टोकं, किंवा त्यांच्या जागी बसणारं इलेक्ट्रॉनिक इग्निशन किट. पैसे मोजण्याआधी एक काम करा. डेल्कोची, म्हणजे प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरची, कॅप काढा, आतला फिरता रोटर उपटा, खालचा शाफ्ट चिमटीत धरून आडवा हलवा. खडखड हाताला जाणवली तर आधी बुश (शाफ्टच्या आधाराची बांगडी) बदला. शाफ्ट डुगडुगत असेल तर पॉइंटचा गॅप दर सिलिंडरला वेगळा पडतो, आणि मग तुम्ही कितीही फीलर गेज (गॅप मोजायची पट्टी) घाला, गाडी मिस मारणारच. अशा डेल्कोवर किट बसवलं की फरक पडतो, मालक खूश होतो. पण टायमिंगचा, म्हणजे ठिणगी पडायच्या क्षणाचा, हेलकावा उरतोच. वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणारी आतली अ‍ॅडव्हान्सची वजनं गंजली असतील तर तीही किटने सुटत नाहीत.

माझी गाडी महिंद्राची पेट्रोल पिकअप, जीपचंच हरिकेन इंजिन, १२ व्होल्ट. तिच्यावर माझं दोन्ही वापरून झालंय.

पॉइंटच्या बाजूने सांगायचं तर सगळा कारभार डोळ्यांना दिसतो. शाफ्टवरचा कॅम पॉइंटची टाच उचलतो, पॉइंट उघडतो, ठिणगीचा दाब बनवणाऱ्या कॉइलचा करंट तुटतो, ठिणगी पडते. बिघडलं तर पॉलिश पेपर, पेचकस आणि गॅपची पट्टी पुरते. ऑटोलाइटच्या डेल्कोला वीस थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), ल्यूकसच्या बऱ्याच मॉडेलना चौदा ते सोळा. वरंध घाटातला टपरीवालासुद्धा टॉर्च धरून मदत करू शकतो. बॅटरी अर्धमेली असेल तर हँडल मारून चालू होते. किटला मात्र ठराविक व्होल्टेज लागतं, ते खाली गेलं की ठिणगीच पडत नाही.

त्रास दोन. टाच झिजते तसा गॅप कमी होतो, पॉइंट उशिरा उघडतो, टायमिंग मागे पडतं. हे इतकं हळू होतं की कात्रज चढताना गाडी तापायला लागेपर्यंत कळत नाही, आणि आपण रेडिएटर धुवून घेतो. दुसरा त्रास कंडेन्सरचा, म्हणजे उघडताना पॉइंट जळू नयेत म्हणून लावलेल्या छोट्या नळकांडीचा. दिवे घाटात माझा कंडेन्सर गेला, पुण्याच्या नाना पेठेतून आणलेला नवा आठवड्यात गेला, शेवटी जुन्या बाजारात रविवारी मिळालेला, रंग उडालेला एक अजून चालतोय. कंडेन्सरवर माझा विश्वास उरलेला नाही, हे पूर्वग्रह म्हणून सोडून द्या.

किटची जाहिरात जोरकस ठिणगी आणि वरच्या आरपीएमची करते. ट्रकला त्याचा उपयोग थोडाच. चार सिलिंडरचं इंजिन ३००० फेऱ्यांवर मिनिटाला ६००० ठिणग्या मागतं. पॉइंट हे निमूट करतात, आणि आपला ट्रक बहुतेक वेळ त्याच्याही खालीच चालतो. किटची खरी किंमत वेगळीच: झिजायला टाच नाही, म्हणून टायमिंग एकदा लावलं की जागेवर राहतं. गाडी महिनाभर उभी राहिली तरी पॉइंटवर काळं चढून अडकण्याची भीती नाही. पावसाळ्यानंतर पहिल्या दिवशी हे फार जाणवतं.

पण किट मेलं की मेलं. स्विच चालू ठेवून मी मागच्या फळीखाली दिव्याची वायर शोधत बसलो, अर्ध्या तासाने किटचं मॉड्यूल (आतला इलेक्ट्रॉनिक भाग) जळालं होतं. चूक माझी. काही नव्या किटमध्ये यापासून संरक्षण असतं, सगळ्यांत नाही, तेव्हा विचारून घ्या. दुरुस्ती म्हणजे नवं मागवणं, आणि परदेशी माल असेल तर वाट बघणं. पॉइंटचा सेट काही शे रुपयांत येतो, किटला त्याच्या अनेकपट मोजावे लागतात.

मागवताना डेल्कोवर कोरलेला नंबर द्या, गाडीचं मॉडेल पुरत नाही. व्होल्ट आणि अर्थिंग तपासा: १९५५ पर्यंतच्या डॉज-फार्गोंना मुळात ६ व्होल्ट आणि पॉझिटिव्ह अर्थिंग (बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला) असे, तिथे नेहमीचं किट लावलं तर त्याच क्षणी फुकट. चार सिलिंडरला कॉइल साधारण ३ ओहमची घ्या. एचटी लीड (प्लगला जाणाऱ्या जाड वायरी) तांब्याच्या तारेच्या असतील तर कार्बनच्या घाला, नाहीतर त्यांचा विद्युत गोंधळ मॉड्यूलला फसवतो.

मधला मार्गही आहे. ट्रान्झिस्टरचा डबा बाहेर बसवायचा, पॉइंट फक्त इशारा देतात, मोठा करंट डब्यातून जातो. पॉइंट जळत नाहीत, आणि डबा गेला तर दोन वायरी बदलून जुनं चालू. टाच मात्र झिजतेच.

५० वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज नोंदणी करणार असाल तर मूळपण सांभाळा. त्या नियमात इंजिनातल्या बदलाचा प्रश्न येतो. किट डेल्कोच्या आत बसतं आणि परत काढता येतं, तरी काढलेले पॉइंट फेकू नका.

माझं मत: दसऱ्याला हार घालून लक्ष्मी रोडपर्यंत नेणार असाल, तर पॉइंट, दर वर्षी एक तास द्या. दर शनिवारी भोर, महाड, सासवड करणार असाल, तर किट. ट्रक नवा घेतलाय आणि इंजिन अजून ओळखीचं नाही, तर आधी वर्षभर पॉइंटवरच चालवा. बिघाड कुठे असतो ते हाताला कळेल.

सध्या माझ्या गाडीत किट आहे. सीटखाली श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात प्लेटवर गॅप लावून ठेवलेले पॉइंट, एक पेचकस आणि तो जुन्या बाजारातला कंडेन्सर.