सुरक्षा तपासणीसाठी स्वतःची फेरी की परवानाधारक एजन्सी?

दादरच्या आमच्या शॉपिंग सेंटरमध्ये दोन्ही करून पाहिलंय. एजन्सीवाचून सुटका नाहीच: महाराष्ट्राच्या 2006च्या आग प्रतिबंधक कायद्याखाली जानेवारी आणि जुलैत ‘फॉर्म बी’, म्हणजे आगीपासून बचावाची यंत्रणा नीट चालू असल्याचा एजन्सीचा दाखला, द्यावा लागतो, जबाबदारी मालक-भोगवटादाराची. पंप, स्प्रिंकलर तपासावेत एजन्सीनंच. पण ती माणसं येतात सकाळी, दुकानं उघडायच्या आत. संध्याकाळी सातला जिन्यात साड्यांचे खोके रचलेले, होज रीलच्या (आग विझवायच्या पाइपच्या) पेटीला कुणीतरी छत्र्या टांगलेल्या, पावसानं पायरीची टाइल बुळबुळीत. हे वॉचमनला घेऊन मारलेल्या फेरीतच दिसतं. खर्च? एका वहीचा, आणि हो, साडीवाल्या शेठशी दर आठवड्याच्या वादाचा. वहीत तारीख घाला, फोटो ठेवा. उद्या कुणी घसरून पडलं, तर वकील आधी तीच मागेल.